छावणी हे मूळ नसतं

आशाबाई शीर डोळ्यांनी शोधत नाहीत. दंडाला रबरी पट्टा बांधतात, मान दुसरीकडं वळवतात आणि तर्जनीनं कोपराच्या खोबणीत चाचपतात. शीर बोटाला लागली की सुई आत जाते. माणूस "आई गं" म्हणायच्या आत जांभळ्या झाकणाची नळी भरायला लागलेली असते. बत्तीस वर्षं झाली या कामाला. आधी शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात, आणि मागची सहा वर्षं आजारांची आनुवंशिक कारणं शोधणाऱ्या एका संस्थेत. संस्थेतली पोरंसोरं त्यांना मावशी म्हणतात आणि त्यांचा हात हलका आहे असं सगळ्यांना सांगतात. जिभेबद्दल कुणी काही सांगत नाही. ती ज्याची त्याला कळते.

रक्त काढण्याआधी फॉर्म भरायचा असतो. नाव, वय, उंची, वजन, साखर, रक्तदाब, आणि सात नंबरला एक रकाना: मूळ. इंग्रजी फॉर्मचं मराठी करणाऱ्याला त्या दिवशी घरी जायची घाई असावी. रकान्याला हवं होतं ते असं, की माणूस कुठल्या समाजातला, आईकडचे कोण, बापाकडचे कोण. आशाबाई विचारायच्या, "मूळ गाव कुठलं?" कुणी म्हणायचं बिडकीन, कुणी म्हणायचं भोकरदन. त्या तसंच लिहायच्या.

हे चुकून होत नव्हतं. रकान्याला काय पाहिजे ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यांनी ते द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

त्या शहरातल्या छावणीत, जुन्या लष्करी भागात जन्मल्या. पणजोबा कुठल्याशा पलटणीबरोबर दक्षिणेकडून आले, साहेबांच्या घोड्यांना खरारा करायला. पलटण पुढं गेली, पणजोबा मागं राहिले. आजी तेलुगूत शिव्या द्यायची आणि दखनीत लाड करायची. आईकडची माणसं पैठणकडची. आजोबांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि घरात पहिल्यांदाच एकसारखं काहीतरी आलं. चौथीत असताना वर्गात बाईंनी विचारलं, "तुझं मूळ कुठलं गं?" आशा म्हणाली, "छावणी." बाई हसल्या. "छावणी हे मूळ नसतं, मुक्काम असतो. खरं सांग." वर्गही हसला. खरं काय ते आशाला माहीत नव्हतं, आणि ते आपल्याला माहीत असायला पाहिजे होतं ही लाज तिला घरापर्यंत पुरली.

पुढं दवाखान्यात एके दिवशी एका गृहस्थानं पट्टा बांधून घेतला, मूठ आवळली आणि मग विचारलं, "तुम्ही कुणापैकी?" उत्तर ऐकून त्यानं मूठ सोडली. शर्टाची बाही खाली केली, बटण लावलं आणि म्हणाला, "दुसरं कुणी आहे का?" आशाबाईंच्या हातात उघडी सुई तशीच राहिली. त्या दिवशी त्यांनी मनाशी पक्कं केलं, की आपण जन्मात कुणाला हा प्रश्न विचारणार नाही. सरकारनं सांगितलं तरी नाही, शास्त्रानं सांगितलं तरी नाही.

फेब्रुवारीत मनकर्णाबाईचा फोन आला तेव्हा आशाबाई चहा गाळत होत्या.

मनकर्णाबाई बिडकीनच्या पुढं, खापरगव्हाणला राहते. गाव नाल्याच्या अलीकडं, बौद्धांची वस्ती पलीकडं. वस्तीला एकच हापसा. गेल्या दहा वर्षांत वस्तीतली अकरा माणसं किडनीनं गेली. मनकर्णाबाईचा नवरा त्यातला सहावा. अजून चौघं आठवड्यातून दोनदा शहरात डायलिसिसला येतात. त्या वस्तीतल्या आणि त्याच हापशाचं पाणी नेणाऱ्या शेजारच्या वस्त्यांतल्या, किडनी बिघडायला लागलेल्या सोयऱ्यांचं रक्त आशाबाईंनीच काढलं होतं, दीडशे नळ्या.

"पेपर पाहिला का?"

"नाय अजून. काय झालं?"

"पाहा मंग. आमचं रक्तच नासकं हाय म्हनं. मोठ्या अक्षरात छापलंय. तूच नेलं ना गं भरभरून?"

"मनकर्णाबाई, ऐक तर..."

"आता काय ऐकू? कंपनीच्या फंडातून फिल्टरचं मशीन येनार व्हतं आमच्या हापशापाशी. काकासाहेब सरपंच काल म्हनले, रक्तातच असंल तर फिल्टर काय करील? मशीन बसवू देवळापुढं, गावाच्या कामी येईल. एक मेच्या ग्रामसभेत ठराव हाय." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या पोराचे पाय सुजाया लागलेत, आशा."

फोन बंद झाला. गाळलेला चहा गार झाला होता.

बातमीत लिहिलं होतं ते असं: खापरगव्हाणच्या वस्तीतल्या किडनीच्या आजाराचं मूळ रक्तातच, शहरातल्या शास्त्रज्ञांचा शोध, विशिष्ट समाजात जनुकातला दोष. विशिष्ट. हा शब्द आशाबाईंनी तीनदा वाचला. पेपरवाल्यांना नाव लिहायचं नसतं तेव्हा ते हा शब्द लिहितात, आणि मग नाव लिहायची गरजच राहत नाही.

संस्थेचे प्रमुख डॉक्टर इंद्रजीत हे सभ्य माणूस. उठून खुर्ची देतात, पाणी विचारतात. आशाबाई बसल्या नाहीत.

"सर, हे तुम्ही सांगितलं?"

"पेपरवाल्यांनी जरा भडक केलंय, मावशी. पण निष्कर्ष भक्कम आहे. आजाऱ्यांमध्ये एक खूण आहे, निरोगी लोकांमध्ये ती फारच कमी सापडते."

"निरोगी लोक म्हणजे सिल्लोडचे ना? मार्केट यार्डातल्या रक्तदान शिबिरातले? ती शेतकऱ्यांची घरं आहेत, सर. मीच काढलंय त्यांचं रक्त. त्यांच्यात आणि वस्तीत फरक निघणारच की."

"तो मुद्दा धरलाय ना आपण." डॉक्टर समजावणीच्या सुरात म्हणाले. "दोन वेगळ्या समाजांची तुलना केली तर खोटे निकाल येतात, हे आम्हाला शिकवलेलं असतं. म्हणून तर मुळाचा हिशोब धरून दुरुस्ती केली. सातवा रकाना. तुम्हीच भरलेला."

आशाबाईंना वाटलं, कुणीतरी आपल्याच दंडाला पट्टा आवळतंय.

त्या तशाच सायलीच्या खोलीत गेल्या. सायली ही संस्थेतली आकडेमोड करणारी, सिल्लोडकडची शेतकऱ्याची मुलगी, सत्तावीस वर्षांची, कुणाशी फार न बोलणारी. ती बहुधा वाटच पाहत होती. तिनं कॉम्प्युटरचा पडदा मावशींकडं वळवला. पडद्यावर ठिपके होते. एका कोपऱ्यात निळ्या ठिपक्यांचा दाट गठ्ठा, दुसऱ्या कोपऱ्यात लाल ठिपक्यांचा.

"प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस. रक्तातल्या लाखभर खुणा मोजल्या की कुणाचे पूर्वज कुणाच्या जवळचे ते असं दिसतं. निळे सिल्लोडचे. माझा भाऊ यातच कुठंतरी आहे. लाल वस्तीचे."

"आणि हा मधेच एकटा लोंबकळतोय तो?"

"ते तुम्ही, मावशी. मशीन तपासायला पहिली नळी तुमची घेतली होती, आठवतं? तुमच्यात चार-पाच ठिकाणची माणसं आहेत. कुणाचा किती वाटा तेसुद्धा निघतं. सांगू?"

"नको," आशाबाई म्हणाल्या. "चूक काय झाली ते सांग."

"लाल गठ्ठा सगळा आजारी, निळा सगळा धडधाकट. असं असलं की दोघांमध्ये जे जे वेगळं, ते सगळं आजाराचं कारण म्हणून वर येतं. उद्या मी या कॉम्प्युटरला घरातल्या भिंतीवरचे फोटो मोजायला सांगितले, तर तो म्हणेल वस्तीतल्या फोटोमुळं किडनी जाते आणि आमच्या घरातल्या फोटोमुळं वाचते."

"मग दुरुस्ती कसली केली यांनी?"

सायलीनं मान खाली घातली. "सरांनी सातव्या रकान्यावरून केली. त्या रकान्यात गावं आहेत, मावशी. बिडकीन, भोकरदन, पैठण. त्यावरून समाज कळतच नाही. म्हणजे दुरुस्ती झाली असा शिक्का बसला, आणि झालं काहीच नाही. मी सांगितलं होतं. सर म्हणाले, छपाईला गेलंय. तो रकाना कुणी भरला कुणास ठाऊक."

"मी भरला."

आशाबाई खुर्चीवर बसल्या. साऱ्या आयुष्यात एकच प्रश्न विचारायचा नाही असं ठरवलं, आणि तो न विचारल्यामुळंच आपल्या माणसांच्या कपाळावर डाग बसला. प्रश्न विचारणारे लोक मोकळे फिरतायत. डॉक्टरांनी रकाना वाचायची तसदी घेतली नाही. भोकरदन नावाचा कुठला समाज असतो, एवढंही त्यांच्या मनात आलं नाही. आशाबाईंना स्वतःचा राग आला, पण तो फार टिकला नाही. त्याहून मोठ्या रागाला जागा हवी होती.

"रकाना जाऊ दे. या लाखभर खुणा आहेत ना तुझ्याकडं? त्यावरून नाही करता येत दुरुस्ती?"

"येते. मी करून पाहिली. पण आजारी सगळे एका गठ्ठ्यात असले की मुळाचा फरक वजा करताना आजाराचा फरकही त्याच्याबरोबर वजा होतो. हाती काही उरत नाही. सर खरेही ठरत नाहीत, खोटेही ठरत नाहीत."

"वस्तीतलीच निरोगी माणसं घेतली तर?"

"आज निरोगी, उद्या आजारी. हापसा तोच. खरं म्हणजे त्याच घरांतली, त्याच आईबापांची माणसं पाहिजेत, पण वर्षानुवर्षं दुसरीकडचं पाणी पिणारी. तशी कुठून आणायची?"

आशाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग हसल्या. ते हसणं काही बरं नव्हतं.

"लग्न झालंय का तुझं?"

"नाही. का?"

"म्हणून सुचलं नाही तुला. आणि सरांना सुचलं नाही कारण ते पुरुष आहेत. अगं, लेकी! पोरगी सासरी जाते तेव्हा आईबापाचं रक्त घेऊन जाते. हापसा माहेरीच राहतो. आणि सून येते ती तिच्या आईबापाचं रक्त घेऊन येते, आणि याच हापशावर घागर लावते."

सायलीचा हात की-बोर्डवर तसाच थांबला. "बापरे," ती म्हणाली. आणि मग लगेच, "किती असतील?"

डॉक्टर आधी नको म्हणाले. वेळ नाही, परवानगी लागेल, अभ्यास संपला आहे. आशाबाईंनी फॉर्म त्यांच्यापुढं ठेवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाक्य मी साडेचारशे माणसांना मोठ्यानं वाचून दाखवलंय, सर. 'मला केव्हाही, कारण न सांगता, या अभ्यासातून माघार घेता येईल.' वस्तीतल्या दीडशे जणांना मी उद्याच परत वाचून दाखवते. त्यांनी आपलं रक्त परत मागितलं तर तुमच्या शोधात उरतं काय? सिल्लोडचं शिबिर?"

"तुम्ही मला धमकी देताय, मावशी?"

"फॉर्म वाचतेय. तुम्हीही वाचला असता तर बरं झालं असतं."

संशोधनाला मान्यता देणाऱ्या समितीची परवानगी यायला महिना लागला.

चौदा एप्रिलला खापरगव्हाणच्या वस्तीत सासरी गेलेल्या सगळ्या लेकी येतात. दिवाळीला एखादी चुकेल, जयंतीला चुकत नाही. आशाबाई पंधराला सकाळी पोचल्या. निळ्या पताका उन्हात पडून होत्या, विहारापुढं आदल्या रात्रीची भांडी घासणं चाललं होतं. सायली थंड पेटी घेऊन मागं उभी राहिली.

"आली गं रक्तपिती," कुणीतरी म्हणालं.

मनकर्णाबाई पातेलं घासत होती. तिनं वर पाहिलं नाही. "आता काय काढायचं ऱ्हायलं? हाडं?"

"मला बोलायचंय. मग हाकला."

"बोल की. तुझ्या मागं उभी हाय ती कोन? पेपरवाली?"

"हिशोबनीस आहे. सिल्लोडची."

"सिल्लोडची! चांगल्या रक्ताची दिसतीया!" बाया हसल्या. सायलीचे कान लाल झाले, पण ती तिथून हलली नाही.

आशाबाई विहाराच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. रकाना, छावणी, चौथीतल्या बाई, बाही खाली करणारा गृहस्थ. गावं लिहिली ती कशासाठी, आणि त्याचं पुढं काय झालं. माफी मागताना त्यांचा आवाज मऊ झाला नाही. उलट चढला. "चूक माझी आहे. पण ती चूक मी परत करीन. तुम्हाला कुणापैकी हे मी आजही विचारणार नाही. तीनच गोष्टी विचारीन. माहेर कुठलं, सासर कुठलं, आणि या हापशाचं पाणी किती वर्षं प्यालीस."

मग मनकर्णाबाईनं पातेलं उपडं घातलं आणि आत हाक मारली. "मेघा! ये भाईर. हात दे हिला." मेघा तिची लेक, जालन्याला दिलेली, नऊ वर्षं झाली. तिनं बाही वर केली आणि आईकडं बघत म्हणाली, "माझ्यात पन निघाली ती खूण, तर?"

"निघू दे," आशाबाई म्हणाल्या. "निघाली आणि तू धडधाकट असलीस, तर त्याहून चांगलं काय? मूठ आवळ."

दुपारपर्यंत एकसष्ट लेकी झाल्या आणि अठ्ठेचाळीस सुना. एक म्हातारी सून पट्टा बांधून घेताना आशाबाईंच्या कानाशी वाकली. "माझी माय आपल्यातली नव्हती. पळवून आनली व्हती बापानं. लिहू नको."

"लिहीत नाही," आशाबाई म्हणाल्या आणि नळी भरली. नळीला सांगावं लागत नाही, सगळे वाटे तिच्यात असतातच, आणि सायलीचं गणित ते कुणाचं नाव न घेता बाजूला काढतं. हे आशाबाईंना आता कळत होतं, आणि कळून आणखीच संताप येत होता. विचारायची गरजच नव्हती. कधीच नव्हती. तरी सगळे विचारत राहिले.

किडनीचे आकडे दोन दिवसांत आले, आणि ती एक खूण तपासायला आठवडा लागला. सायलीनं कागद मावशींच्या हातात दिला. खूण लेकींमध्ये होती, जेवढी त्यांच्या आजारी भावांमध्ये होती तेवढीच. एकसष्ट लेकींपैकी किडनी दोघींची बिघडलेली, आणि त्या दोघी लग्नानंतरही बरीच वर्षं माहेरीच राहिलेल्या. अठ्ठेचाळीस सुनांपैकी सतरा जणींची बिघडलेली. त्यांतल्या नऊ जणींमध्ये ती खूण नव्हतीच.

डॉक्टर इंद्रजीतांनी संस्थेच्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या. आधीचा निष्कर्ष फेरविचाराधीन आहे, पाण्यासह इतर कारणांची शक्यता नाकारता येत नाही. "नाकारता येत नाही," आशाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "पेपरात नासकं म्हणताना कशी एका दमात आली होती भाषा." पेपरवाल्यांना त्या स्वतः जाऊन भेटल्या. तिथल्या माणसानं कागद ठेवून घेतला. जागा असेल तर छापू म्हणाला. एक मेपर्यंत तरी जागा झाली नव्हती.

ग्रामसभा शाळेच्या पत्र्याखाली भरली. काकासाहेब सरपंच टेबलामागं, पुढं गाव, आणि उन्हाच्या कडेला वस्ती. मनकर्णाबाईचा पोरगा मागं बाकावर बसला होता, चपलांचे पट्टे सोडून. आशाबाईंनी कागद वाचला. मग लेकींचं आणि सुनांचं सांगितलं. फार समजावत बसल्या नाहीत. गावातल्या बायांना ते आधीच समजलं होतं. त्यांच्यातल्या एकीनं शेजारणीला म्हटलेलं सगळ्यांना ऐकू गेलं, "खरंच की, त्यांच्या सुना तं आपल्या-आपल्या गावाहून धडधाकट आल्या व्हत्या."

काकासाहेबांनी कागद उलटसुलट केला. "आमचा विरोध नाय, बाई. पेपरात आलं म्हनून म्हनलं. पन पान्यात नेमकं काय हाय, ते तरी सांगा."

"ते आम्हाला अजून माहीत नाही. तपासायला नमुने नेलेत. रक्तात काय नाही, तेवढं माहीत आहे. तुम्ही पिता का त्या हापशाचं?"

काकासाहेबांनी कागद टेबलावर ठेवला.

"एक तांब्या आणू का? मी पण पिते तुमच्याबरोबर."

काकासाहेब टोपी काढून डोकं खाजवायला लागले. पत्र्याखाली लई उकडत होतं. ग्रामसेवकानं पेन उघडून धरलं होतं, ठरावाच्या वहीत जागेचं नाव लिहायचं राहिलं होतं. "वस्तीतला हापसा" लिहायला सांगायच्या आधी सरपंचांना जरा वेळ पाहिजे होता, आणि त्या वेळात त्यांनी जे आपल्या बापजाद्यांनी विचारलं तेच विचारलं, अगदी सहज, पाणी विचारावं तसं.

"बरं, बाई, तुमचं मूळ कुठलं म्हनायचं?"

वस्तीची सगळी माणसं आशाबाईंकडं बघायला लागली. मनकर्णाबाईनं डोळे मिटून घेतले.

आशाबाईंनी टेबलावरची वही हातानं फिरवली, ग्रामसेवकापुढं सरकवली आणि मोकळ्या जागेवर तर्जनी ठेवली, शीर चाचपताना ठेवतात तशी.

"हापशापाशी बसवा," त्या म्हणाल्या, "मग सांगते."